ओला कूड

मी अन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ज्वारीचं दळण. वावरातल्या झोपडीत, दुसऱ्याच्या जात्यावर. आमचं जातं गावात घरी राहिलं होतं, अन् गाव बंद होतं.

आधी ती एकटीच दळत होती. तिला खोकला झाला होता. थोडं फिरवायची, थांबायची, पुन्हा फिरवायची. मी बाहेर बैलांना कडबा टाकत होतो. जात्याची घरघर थांबली की माझाही हात थांबायचा. शेवटी कडबा तिथंच टाकला, आत गेलो अन् तिच्यासमोर बसून खुंटा धरला. गावच्या पाटलानं जात्याला हात लावलेला आमच्या बापजाद्यांत कोणी पाहिला नसेल.

"अवं माय," ती म्हणाली, "दार लावा आधी. कोनी पाह्यलं त म्हनन, पाटलाची पाटीलकी गेली अन् जात्यावर आली."

"झोपडीले दार कुठं हाय?"

"मंग पाठ तरी करा तिकडं."

मी पाठ केली. दळायचं काम मला जमत नव्हतं. तिनं ओढायच्या वेळी मीही ओढायचो, मग जातं अडायचं अन् पीठ जाडंभरडं पडायचं.

"हळू. नांगर नाई तो," ती म्हणाली. हसली, अन् हसता हसता खोकली. मग मुठीनं दाणे टाकता टाकता म्हणाली, "बाया मले इचारतात. होळीले घरी जाऊ का म्हनतात."

"तू काय सांगतलं?"

"म्हनलं, मले काय इचारता? मी त्या मानसाची बायको हाय, सासू नाई."

एवढंच. पीठ डब्यात भरलं, तिनं वर फडकं बांधलं. ती माहेरची सोनाळ्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिकडच्या बायकांच्या जिभेला धार असते. मला ती धार आवडायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्यात तसं सांगत नसत.

गाव का बंद होतं ते सांगतो.

त्या साली दिवाळीच्या पुढं गावात उंदीर पडले. आढ्यावरून पडायचे, गरगर फिरायचे अन् मरायचे. मग माणसांना काखेत, जांघेत गाठी येऊ लागल्या. आधी तेल्याची सून गेली, मग तिला पाहायला आलेली तिची माय. मी पाटील होतो. बाप पाटील होता म्हणून मी पाटील. दोन बुकं शिकलो, सही येते, त्यापलीकडं काही येत नाही. तालुक्याहून तहसीलदार साहेब घोड्यावर आले, चावडीत बसले. मी म्हणालो, गाव उठवून वावरात न्यावं लागेल. साहेब म्हणाले, "जबरदस्ती करायची नाही, वरचा हुकूम आहे. लोकांच्या कलानं घ्या, पाटील. लोक राजी असतील तर उठवा."

"अन् राजी नसतील तर?"

"तुम्ही शहाणे आहात," साहेब म्हणाले अन् घोड्यावर बसले.

त्या वेळी लोक राजी झाले. दारात मढं असलं की माणूस लवकर राजी होतो. दवंडी दिली, ज्यानं त्यानं आपल्या वावरात झोपडी घातली. ज्यांना वावर नव्हतं ते माझ्या बांधावर राहिले. वेशीत मी बाभळीच्या काट्या आडव्या लावल्या. आत फक्त गुरव जायचा, मारुतीला दिवा लावायला. अन् रोज सकाळी मी, उंदीर पडतात का पाहायला.

माघ लागेपर्यंत लोकांची भीती गेली. वावरात कोणी मेलं नाही, म्हणून. मी म्हणायचो, वावरात आहोत म्हणून मेलं नाही. ते म्हणायचे, रोग गेला म्हणून मेलं नाही. दोन्ही बोलणी सारखीच खरी वाटतात. वादात कोणी कोणाला हरवू शकत नव्हतं.

त्यात एका सकाळी मला माझ्याच घरात, आमच्या जात्याशेजारी, मेलेला उंदीर दिसला. ताजा. काडीनं ओढून जाळला अन् विहिरीवर माणसं गोळा करून सांगितलं. माझा चुलतभाऊ पुढं होता. माझ्याहून लहान, पण बोलायला माझ्यापेक्षा मोठा.

"एक उंदीर," तो म्हणाला. "मांजरीनं मारला असन."

"मांजरीनं मारला असता त खाल्ला असता."

"पोट भरलं असन तिचं. पाटलाच्या घरची मांजर हाय."

लोक हसले. मलाही हसू आलं. मग तो हसायचा थांबला.

"मले एक सांग. तू पाटील गावाचा का सरकारचा?"

"दोघायचा."

"सरकार म्हनते लोकायच्या कलानं घे. लोक म्हनतात घरी चाल. दोघंही एकच सांगून राह्यले. मंग मधात आडवा कोन?"

"मी."

"काऊन?"

मी उंदीर पाहिला होता, त्यांनी माझ्या तोंडून ऐकला होता. एवढाच फरक. बैलांना नाल ठोकणारा आमचा नालबंद बाजूला बिडी ओढत बसला होता. म्हातारा मुसलमान, माझ्या बापाच्या बैलांनाही त्यानंच नाल ठोकलेले. तो म्हणाला, "पाटील, बैलाले इचारून कोनी नाल ठोकत नाई, हे खरं. पन बैल आधी पाडा लागते. पाडाले चार मानसं लागतेत. तुमच्यापाशी चार मानसं हायेत का?"

नव्हती. एक कोतवाल होता, तोही घरी जायला आतुर.

मग मी माझ्याजवळ होतं ते वापरलं. आमच्या गावची होळी वेशीपुढं पेटते अन् पाटलाच्या हातानं पेटते. दुसऱ्या कोणी ती पेटवायची नाही. अन् एकदा उठलेलं गाव पुन्हा भरायचं तर त्या होळीचा विस्तव घरोघर न्यावा लागतो, त्याशिवाय चूल पेटवायची नाही, असं आमच्याकडं आहे. मी म्हणालो, "मले बरोबर वाटल्याशिवाय मी होळी पेटवनार नाई. काट्या उचलून गेलात त बिनहोळीच्या गावात जासान."

भाऊ थुंकला अन् उठून गेला.

दळण दळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला. कुशीत कळ यायची, श्वास पुरायचा नाही. उंद्री गावाच्या वाटेवरच्या एका वैद्याला बैलगाडीतून आणलं. त्यानं काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. "गाठ नाही," म्हणाला. "छाती भरली आहे. वारा लागू देऊ नका. भिंतीच्या आत ठेवा."

भिंती गावात होत्या.

वैद्य गेल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. "ऐकलं नं? मले घरी न्या."

"तिथं उंदीर पडला."

"एक मेलेला उंदीर मले काय करन? मले तिथं जात्यापाशी निजवा. त्या कोपऱ्यात वारा येत नाई."

"तुले नेलं त मांगं सारं गाव जाईन."

"जाऊ द्या."

"अन् कोनी मेलं त?"

"अन् मी मेली त?"

तिचा श्वास वाजत होता.

"गावाचं ऐकत नाई, हे समजलं," ती म्हणाली. "तुमी पाटील हा. माहं काऊन नाई ऐकत? मी काय गाव हाय?"

मी उठलो अन् बैलांना पाणी पाजायला गेलो. बैलांनी पाणी आधीच प्यायलं होतं.

दुपारी भाऊ आला. त्याच्याकडं छपराची गाडी होती, ती घेऊन आला. गाडीत कडब्यावर गादी घातलेली, वर गोधडी. त्याची म्हातारी माय, माझी चुलती, गाडीत बसलेली, आजाऱ्याचं डोकं मांडीवर घ्यायला. मागं अर्धं गाव. विहिरीवरच्या भांडणानंतर तो माझ्याशी बोलला नव्हता. आता त्यानं हात जोडले. पाटील म्हणाला नाही, भाऊ म्हणाला.

"भाऊ, वहिनीले घाल गाडीत. कोनी काई म्हननार नाई. सारं गाव राजी हाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला मी लहानपणापासून ओळखतो, तो ढोंग करत नव्हता. लग्न होऊन ती आली तेव्हा तो पोरगा होता, तिनं त्याला जेवू घातलं होतं. पण त्याच्या खांद्यावरून मला लांबच्या झोपड्या दिसत होत्या. तिथं बायांनी अंथरुणं गुंडाळली होती. बैल जुवाखाली उभे होते. ही गाडी हलायचीच वाट. ते रडतही होते अन् निघायलाही बसले होते. दोन्ही खरं होतं. नुसतं ढोंग असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "गाडी सोड."

"काय?"

"बैल सोड. नाई नेत."

म्हातारी गाडीतून उतरली. "दगड हायेस लेका तू. लोकायचं नको ऐकू, आमी मूर्ख. पन बायको का लोक हाय?"

तेच मला आत झोपलेलीनं विचारलं होतं.

तेव्हा गर्दीतून कोणी तरी म्हणालं, वैद्याले भिंतीच पाह्यजेत नं, मंग भिंतीच इथं आनू. कोण म्हणालं ते आजही मला सांगता येत नाही. पण ते बोलणं सगळ्यांना लागू पडलं. मलाही. माणसांनी कपाशीच्या पऱ्हाट्या आणल्या, झोपडीला चारी बाजूंनी त्यांचा कूड घातला. विहिरीचं पाणी ओढलं. भावानं धोतर खोचून काळी माती तुडवली, गुडघ्यापर्यंत. बायांनी शेण कालवलं अन् आतून बाहेरून कूड सारवले. नालबंदाच्या बायकोनं आपल्या अंगावरच्या दोन गोधड्या आणून दिल्या, एक दारात टांगली. दिवस बुडायच्या आत झोपडीला एक फट राहिली नाही. दिवा लावला तर ज्योत हलेना.

"पाहा वहिनी," भाऊ आत डोकावून म्हणाला, "वाडा बांधला तुमच्यासाठी."

"अन् पाटील गिलावा करून राह्यले होते?" ती म्हणाली. "जात्यावर बरे होते."

सगळे हसले, माझ्यासकट. आम्ही फार खूश होतो. थंडीच्या सुरुवातीपासून गावाचं अन् माझं एकमत झालेलं ते एकच काम.

सकाळी कुडाला हात लावला तर हात ओला झाला. फाल्गुन लागला तरी रात्रीची थंडी, काळी माती, शेण. रात्रभर त्या भिंतींनी गारवा आत सोडला होता. झोपडी विहिरीच्या तळासारखी झाली होती. चुलती आली, तिनंही भिंतीला हात लावला अन् पदराला पुसला. हळूच म्हणाली, "ओल्या भिंतीत बाळंतीन ठेवत नाई आपन."

हे कोणाला ठाऊक नव्हतं? घर सारवलं की सुकेपर्यंत लेकराला बाहेर निजवतात, हे दर घरच्या बाईला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. इतकी माणसं होती, त्यातल्या एकालाही आठवलं नाही. एकाला आठवलं नाही तर दुसऱ्याला आठवतं, म्हणून तर लोकांना विचारायचं असतं, असं शहाणे सांगतात. त्या दिवशी सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट करायची होती: तिच्यासाठी काही तरी.

आत चुलीतले इंगळ ठेवले तर धूर झाला, ती गुदमरली. इंगळ काढले. मग मी अन् भावानं पूर्वेकडचा कूड हातानं ओरबाडून पाडला, ऊन आत यावं म्हणून. उन्हाबरोबर वाराही आला. आता काय करावं, हे भावानं मला विचारलं नाही, मी त्याला विचारलं नाही. तो तसाच उभा होता, हाताला चिखल.

घरी न्या असं ती पुन्हा म्हणाली नाही. मी वाट पाहत होतो. आणखी एकदा म्हणाली असती तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. लोकांना सांगतो की नेलं नसतं. खरं मला माहीत नाही.

ऊन चढल्यावर तिनं डोळे उघडले. "पीठ झाकलं का?"

"झाकलं."

"तुमच्या हाताचं हाय, जाडं. भाकर नाई थापता येनार त्याची. भरड्याच्या कन्या शिजवा."

"बरं."

ऊन कुडावरून सरकून तिच्या पायांवर आलं, तेव्हा ती गेली.

आता मी म्हातारा आहे. पुन्हा लग्न केलं नाही. पाटीलकी पुतण्याकडं गेली. मधे इंग्रज गेले, नागपूरला आपलं सरकार बसलं, मतं मागणारे आमच्या पारावर येऊ लागले. येतो तो म्हणतो, तुमची इच्छा तीच माझी इच्छा. पोरं मला विचारतात, तुमी त पाटील होते, सांगा, कारभाऱ्यानं लोकायचं ऐकावं का आपल्या मनाचं? त्यांना वाटतं, म्हाताऱ्याजवळ काही शहाणपण असेल.

नाही. गाव पुढं भरलं, तेव्हा कोणाला गाठ आली नाही. भाऊ मरेपर्यंत म्हणत राहिला, काही नव्हतंच, उगाच वहिनी गेली. काही बाया म्हणायच्या, पाटलानं गाव वाचवलं. तहसीलदार साहेब म्हणाले, "हिमतीचं काम केलंत." मी विचारलं, "कशावरून?" त्यांनी विषय बदलला.

माझं ऐकून कोणी वाचलं असेल, तर ते कोण, हे त्यालाही ठाऊक नाही अन् मलाही नाही. पारावर बसलो की समोरून पोरं पळतात, मी एकेकाकडं पाहतो. हा का? याची आजी वाचली म्हणून हा आहे का? का कोणीच नाही? मेलेल्या माणसाला नाव असतं, चेहरा असतो, तिनं फडकं बांधलेला डबा असतो. न मेलेल्याचं काहीच नसतं. या दोघांना तराजूत घालायला मला सांगू नका. मी चुकलो म्हणत नाही. बरोबर होतो असंही म्हणत नाही. एवढं ठाऊक आहे की त्या दिवशी मी पाटील नसतो, तर कोणाला न विचारता तिला खांद्यावर घालून घरी नेलं असतं. अन् मी नाही, दुसरा कोणी पाटील असता अन् त्यानं मला वेशीत अडवलं असतं, तर त्याचं डोकं फोडलं असतं.

ती गेली त्याच सांजेला तिला वावराच्या कडेला अग्नी दिला. सगळं गाव होतं. परत येताना कोणी गाड्यांकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला, माझ्याजवळ मातीत बसला. काडीनं जमीन उकरत होता.

"सुतक पडलं," तो म्हणाला. "तुले, मले, साऱ्या भाऊबंदाले. होळी सुतकात येते."

त्यानं काडी पुन्हा मातीत खुपसली.

"तुले पेटवता येत नाई. तुह्या जागी मले येत नाई. दुसऱ्या कोनाचा मान नाई. होळी नाई म्हनल्यावर विस्तव नाई." त्यानं काडी मोडली. "होळी हुकली का नवं साल लागल्यावरच नवा विस्तव, म्हंजे आता पाडव्याच्या पुढंच गाव भरन. तुही जबान वाचली, भाऊ. तिनं राखली."

त्याला टोमणा मारायचा होता का, ते कळलं नाही. तो उठला, आपल्या झोपडीकडं गेला अन् बायकोला अंथरुणं सोडायला सांगितलं. मग एकेका झोपडीतून बोचकी सुटताना दिसली. माझं जे कोणी ऐकत नव्हतं, ते आता न सांगता झालं होतं.

मी वेशीवर गेलो. रोज जायचो तसा. काट्या बाजूला ओढल्या, आत शिरलो, घर उघडलं. उंदीर शोधला. जात्याशेजारी नव्हता, माजघरात नव्हता, आढ्याखाली नव्हता. कुठंच नव्हता. जात्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तिथं खरंच वारा येत नव्हता. मी भिंतीला हात लावला. मग दुसऱ्या भिंतीला. मग उरलेल्या दोन्हींना. चारी भिंती कोरड्या होत्या.

दार ओढून घेतलं. वेशीबाहेर आलो अन् बाभळीच्या काट्या पुन्हा आडव्या लावल्या. आता कोणी आत जाणार नव्हतं. तरी लावल्या, अन् एक फट राहिली होती तिथं आणखी एक फांदी आणून खोवली.